शालनबाईची सोबत

चिंचवडच्या स्टेशनात सकाळच्या गाडीला आधी पाटी यायची आणि मागून शालनबाई. स्टेशनाच्या वाटेला निवडुंगाचं पुरुषभर उंच कुंपण होतं. त्याच्या वरून नुसती भाजीची पाटी दिसायची, मेथीच्या जुड्या, वांगी, कडेनं कोथिंबीर आणि वर ओलं फडकं. ती आपली आपण हवेत तरंगत पुढं सरकायची. कुंपण संपलं की तिच्याखाली एक काळीसावळी, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई उगवायची. स्टेशनातला रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला सयाजी म्हणायचा, "आली पाटी. आता गाडीला यायला हरकत नाही."

शालनबाईचा मळा पवनेच्या काठी होता. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा परकर नेसत होती, आणि सासूनं पहिल्याच आठवड्यात तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवून वर पाटी दिली होती. तेव्हापासून ती रोज पुण्याला भाजी घेऊन जात होती. शिवाजीनगरला उतरायची, त्याला ती अजून भांबुर्डंच म्हणायची. तिथल्या बंगल्यांतून दारोदार फिरायची आणि दुपारच्या गाडीनं परत यायची. नवरा मारुतराव. त्यानं आयुष्यात दोनच कामं मनापासून केली, मोट हाकणं आणि बायकोला नावं ठेवणं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर पहिलं सुटलं, मग सगळा जोर दुसऱ्यावर आला.

एकोणीसशे पंचावन्न साल होतं. पिंपरीच्या बाजूच्या माळावर कारखान्यांच्या भिंती उठत होत्या आणि गावाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग उठली होती. त्या खोल्यांत कुठून कुठून आलेली माणसं राहायची. कुणी बार्शीचं, कुणी चिपळूणचं, कुणी परभणीकडचं. बोलणं एकमेकांना निम्मं कळायचं, पण शिफ्टची वेळ सगळ्यांना कळायची.

त्यातल्या तिसऱ्या खोलीत दत्तोबा राहायचा. बार्शीकडचा, कारखान्यात फिटर. माणूस सरळ, पण एका गोष्टीत फार वाकडा. लहानपणी आईबाप गेले आणि तो मामाच्या घरी वाढला. मामी वाईट नव्हती, फक्त प्रत्येक भाकरी वाढताना "घे, तुझ्या बापानं ठेवलीय का इथं" असं गमतीनं म्हणायची. ती गंमत दत्तोबाच्या घशात जी अडकली ती अडकलीच. शेजाऱ्याची काडेपेटीसुद्धा तो वापरायचा नाही. शेजारणीनं चटणी दिली तर संध्याकाळच्या आत लोणचं पाठवून मोकळा व्हायचा.

त्या वर्षी जूनमध्ये शालनबाई उरलेली कोथिंबीर घेऊन पत्र्याच्या खोल्यांकडं आली, तेव्हा दत्तोबाची बायको यशोदाबाई दारात पेढ्याची पुडी घेऊन उभी होती. चेहरा मात्र दहाव्याला आल्यासारखा.

"आमची इंदू मॅट्रिक झाली. घ्या पेढा."

"गोड बातमी हाय तर त्वांड असं का कडू?" शालनबाई म्हणाली. "पुढं काय करणार पोर?"

"पुढं काय. लग्न," दत्तोबा म्हणाला. तो दारात बसून सायकलची साखळी पुशीत होता.

आत कुणीतरी भांडं जरा जोरात ठेवलं.

"कॉलेजात जाते म्हणते," यशोदाबाई हळूच म्हणाली. "मास्तर घरी येऊन सांगून गेले. फी माफ होईल म्हणाले."

"फीचं नाही हो." दत्तोबानं फडकं झटकलं. "पुण्याला एकटी पोर गाडीनं जाणार नाही. बरोबर कुणी द्यायचं म्हणजे त्याचं काम मोडायचं. मग जन्मभर त्याच्या उपकारात राहायचं. ते मला जमणार नाही."

शालनबाईनं पेढा तोंडात टाकला. तिनं काही फार विचार केला असं नाही. विचार ती नंतर करायची, पाटी डोक्यावर घेतल्यावर.

"मी जातीच की रोज भांबुर्ड्याला," ती म्हणाली. "माजं कुठं काम मोडतंय? पाटी येती तशी पोरगी यील. पाटीला निदान डोक्यावर घ्यावं लागतं, ही आपली चालत यील."

दत्तोबानं फिटरासारखा विचार केला, म्हणजे कुठं सैल आहे का ते चाचपून पाहिलं.

"तुम्ही जाताच ना? हिच्यासाठी म्हणून नाही ना?"

"अवं, तुमची पोर जल्मायच्या आधीपास्नं जाती मी."

"मग चालेल," दत्तोबा म्हणाला. "पण आधीच सांगून ठेवतो. ज्या दिवशी तुमचं जाणं बंद, त्या दिवशी हिचं कॉलेज बंद."

आतून इंदू बाहेर आली. तिनं वाकून शालनबाईच्या पायाला हात लावला आणि तिच्या हातावर आणखी एक पेढा ठेवला. शालनबाईनं तो मारुतरावासाठी पदरात बांधला.

अशी पाटीमागं इंदू लागली. कुंपणावरून आता पाटी यायची आणि पाटीच्या मागं काहीच दिसायचं नाही, कारण इंदू बुटकी होती. सयाजी म्हणायचा, "शालनबाई, मेथीबरोबर हे काय नवीन पीक काढलं?"

"ह्ये उशिरा येतं," शालनबाई म्हणायची. "चार वर्सं लागत्यात."

पहिले काही दिवस गाडीत दोघी गप्पच. शालनबाई दाराशी पाटीला टेकून बसायची, इंदू खिडकीशी. शालनबाईला गप्प बसायची सवय नव्हती. मळ्यात कुणी नसलं तर ती वांग्यांशी बोलायची. तेव्हा दापोडीच्या पुलावर एक दिवस तिनं विचारलं, "काय शिकिवत्यात गं तिथं दिवसभर?"

इंदूनं सांगायला सुरुवात केली आणि मग ती थांबलीच नाही. घरात तिला कुणी विचारलं नव्हतं. बापाला विचारायचा धीर नव्हता आणि आईला वेळ नव्हता. इतिहासातले राजे, समुद्रातले प्रवाह, चंद्रावर हवा नाही ही बातमी, सगळं कासारवाडी ते खडकी या पट्ट्यात उलगडायला लागलं. शालनबाईला त्यातलं काही पटायचं, काही नाही. पण ती लक्ष देऊन ऐकायची आणि नेमकी भलत्या ठिकाणी बोट ठेवायची.

"आज तर्कशास्त्र होतं," इंदू एकदा म्हणाली. "सगळी माणसं मरतात. एक ग्रीक म्हातारा होता, तो माणूस आहे. म्हणून तो मरणार."

"ह्ये शिकाया पुण्याला जायाचं?" शालनबाई म्हणाली. "पर त्यो म्हातारा मेला कशानं?"

"त्याला विष प्यायला लावलं. तो लोकांना फार प्रश्न विचारायचा."

शालनबाईनं खडकीपर्यंत जुड्या पुन्हा पुन्हा सारख्या केल्या. मग म्हणाली, "तू वर्गात बेतानंच इचारत जा."

भाजी अकरापर्यंत खपायची. मग ती कॉलेजच्या भिंतीला असलेल्या कडुनिंबाखाली रिकाम्या पाटीशेजारी पाय पसरून बसायची आणि इंदूची वाट बघायची. खिडकीतून तास ऐकू यायचे. शब्द कळायचे नाहीत, पण माणसं कळायची. हा मास्तर बोलतो लई पण आतून भितोय, ही मास्तरीण जेवून आली न्हाई आज. परतीच्या गाडीत ती हे इंदूला सांगायची आणि इंदू तोंडाला पदर लावून हसायची, कारण ते बहुतेक खरं असायचं.

दुसऱ्या वर्षी पत्र्याच्या रांगेतली कुसुम मॅट्रिक झाली. तिचा बाप म्हणाला, दत्तोबाची जाते तर आमची का नको. मग गावातल्या माळआळीतल्या विमलच्या आईलाही वाटलं. सोबत एकच आणि पोरी तीन. सयाजी आता काहीच म्हणायचा नाही. नुसता झेंडी काखेत धरून कौतुकानं बघायचा.

मळा गेला तो त्या वर्षी दिवाळीनंतर. कारखान्याची हद्द वाढली. माणसं आली, खुंट्या मारल्या, दोरी ओढली. वांग्याच्या झाडांना कुणी काही कळवलं नव्हतं, ती फुलत राहिली. शालनबाई शेवटचा तोडा करायला गेली तेव्हा विहिरीवर एक गुरखा बसला होता. त्यानं तिला विचारलं, "काय काम आहे?" एवढ्या वर्षांत त्या बांधावर तिला कुणी कधी हे विचारलं नव्हतं.

जमिनीच्या बदल्यात मुलगा सोनबा कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. त्याला नवा खाकी पोशाख मिळाला, पापडासारखा कडक. तो घालून तो आईसमोर उभा राहिला.

"आता काय पुण्याला जाऊ नगंस," तो म्हणाला. "बस घरात. सुखानं."

"व्हय," शालनबाई म्हणाली.

ती दोन दिवस सुखानं बसली. घरात उजेड होता तो सगळा दारापाशीच संपायचा. मारुतराव ओट्यावरून तिला नावं ठेवायचा आणि तिला उलट बोलावंसंही वाटायचं नाही. तोच तिसऱ्या दिवशी म्हणाला, "जा बाई तू कुठंतरी. घरात मसणवटा झालाय."

त्या दोन दिवसांत इंदूचं, कुसुमचं, विमलचं कॉलेज बुडालं. दत्तोबानं फक्त एवढंच विचारलं होतं, "शालनबाई जात नाहीत ना? मग झालं तर." इंदू इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती, वार्षिक परीक्षा चैत्रात. तिनं पुस्तकं कापडात बांधून फळीवर ठेवली. तिची आई सांगत होती की ती रडली नाही. शालनबाईला ते रडण्याहून वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दत्तोबाच्या दारात गेली. "तळवड्याला भावाचा मळा हाय. वाट्यानं घेतलाय मी," ती म्हणाली. "उद्यापास्नं जाती."

ते तेव्हा खरंच होतं. भाऊ हिंदुराव तिला रोज सायकलवरून पालेभाजी पोचती करायचा. पण भाजीला रोज पाणी, रोज खुरपं. हिंदुराव तिचाच भाऊ असला तरी कष्टांच्या बाबतीत मारुतरावाच्या घराण्यात शोभला असता. पौषात तो म्हणाला, "ताई, औंदा हरभरा टाकला. भाजी काय न्हाई आता."

दुसऱ्यांची भाजी घेऊन विकता आली असती. आळीतल्या बाया तसं सुचवूनही गेल्या. पण शालनबाईला ते जमेना. भावाचा मळा म्हणजे माहेर, तेवढं चालतं. परक्याच्या वांग्याला आपलं म्हणून ओरडायचं म्हणजे परक्याचं पोर कडेवर घेऊन मिरवायचं. दत्तोबा जसा उपकाराच्या बाबतीत वाकडा होता, तशी ही वांग्याच्या बाबतीत.

मग भाजी नाही. आणि भाजी नसताना ती गेली तर ते जाणं फक्त पोरींसाठी. दत्तोबा सकाळी पहिल्या शिफ्टला जाताना रोज रेल्वे फाटकापाशी सायकलवरून उतरायचा आणि त्यांना जाताना बघायचा. त्याला कळलं की ही बाई आपल्यासाठी काम नसताना खेटे घालते, की त्याच दिवशी पुस्तकं फळीवर.

शालनबाईनं पाटी घेतली आणि पूर्वीच्या मळ्याच्या कडेला गेली. कुंपण घालताना त्यांनी बांध फोडला होता आणि बांधाचे दगड बाहेर लोटून दिले होते. ते तिचेच होते. तिच्या सासऱ्यानं शेतातून वेचून वेचून रचलेले. त्यांतले बेताचे निवडून तिनं पाटीत भरले, वर कडुनिंबाचा पाला दाबला, कडेनं परसातल्या कोथिंबिरीच्या चार काड्या खोचल्या, फडकं ओलं करून टाकलं. लांबून कुणालाही मेथी वाटावी.

"ह्ये काय?" मारुतराव म्हणाला.

"भाजी."

"हाडाची काडं करतीस त्या पोरीपायी."

"तुमी नावं ठेवा. ती ऐकत ऐकत भरती मी, काम हलकं व्हतं."

इंदूनं ते पहिल्याच दिवशी गाडीत पाहिलं. फडकं उचललं आणि पाला बाजूला केला.

"मावशी, दगड कशाला? नुसता पाला भरा."

"पाल्यानं चाल बदलती. रिकाम्या पाटीची बाई हलत डुलत चालती, भरल्या पाटीची ताठ. तुझा बाप फिटर हाय, त्याला वजन लांबनं दिसतं." तिनं फडकं नीट केलं. "आन् रिकामी पाटी घेऊन पोरीला शाळंला न्यायची म्हंजी अपशकुन. सासू माजी रिकामी पाटी दाराबाहीर काढू द्यायची न्हाई. निदान एक कांदा तरी टाकायची त्यात."

"बाबांना खोटं सांगायचं?"

"आपण कुठं काय सांगतोय? त्यांनी इचारलं तर सांगू."

इंदूला हे तर्कशास्त्रात कुठं बसतं ते कळेना. पण तिनं पुस्तक उघडलं आणि शालनबाईला पावसाळी वाऱ्यांबद्दल वाचून दाखवायला लागली.

पुण्यात पाटी कडुनिंबाखाली राहायची. कॉलेजचा शिपाई एकदा जवळ आला. "आजी, काय विकताय?"

"दगूड."

"कसे दिले?"

"ज्याच्या डोक्यात न्हाईत त्याला फुकट."

शिपाई हसत गेला. शालनबाई मग आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या दारांवरून एक फेरी मारून यायची. "आज भाजी नाही का?" "न्हाई. नुसती बोलाया आली." कुणी चहा द्यायचं. ती परत येऊन भिंतीला टेकायची, आतून कुणाचा तरी आवाज यायचा, वर निंबाची पानं गळायची. मळा होता तिथं आता भिंत होती, पण भिंतीपलीकडून काही उगवत असल्याचा आवाज तिला इथं यायचा. हे ती कुणाला बोलली नाही. सोनबा हसला असता.

परीक्षेचा दिवस आला. चैत्र लागला होता आणि सकाळीच ऊन तापायला लागलं होतं. कुसुम आणि विमलची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, म्हणून आज दोघीच. इंदूनं दही खाल्लं, देवाला नमस्कार केला, आणि तोंडातल्या तोंडात इसवीसन पुटपुटत शालनबाईच्या मागं चालायला लागली.

स्टेशनात शालनबाईनं पाटी खाली ठेवली. चुंबळ सुटली होती. रोज पाटी परत डोक्यावर घ्यायला सयाजी हात लावायचा आणि वजनाबद्दल काही विचारायचा नाही, पण आज तो लांब होता. बाजाराला जाणाऱ्या बाईच्या पाटीला जवळ असेल त्यानं हात लावायचा, ओळख असो वा नसो, ही रीतच होती. कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही. एवढ्या वर्षांत शालनबाईच्या पाटीला हमाल, मास्तर, एकदा तर फौजदाराचा हात लागला होता. ती कधी मान वर करून बघायचीच नाही, फक्त हाक मारायची.

तळेगावच्या बाजूनं गाडीचा आवाज आला. शालनबाईनं चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, पाटीच्या एका कडेला हात घातला, शेजारी दोन पाय दिसले आणि तोंडातून शब्द गेले.

"लावा वं जरा हात. गाडी आली."

पायांत कारखान्याचे बूट होते. तोवर उशीर झाला होता.

दत्तोबा त्या दिवशी फाटकापाशी थांबला नव्हता. लेकीची मोठी परीक्षा, तिला तोंड दाखवून कामावर जावं म्हणून सायकल बाहेर लावून फलाटावर आला होता. हातात जेवणाचा डबा होता. त्यानं डबा बाकावर ठेवला, वाकला, पाटीला हात घातला आणि पाटी गुडघ्यापर्यंत उचलून थांबला.

"काय भरलंय यात?"

"वांगी," शालनबाई म्हणाली.

दत्तोबानं पाटी खाली ठेवली. फडकं उचललं. पाला बाजूला केला. इंदूचे इसवीसन बंद पडले.

गाडी वळणावर दिसायला लागली होती. सयाजी लांबून झेंडी हातात घेऊन येत होता, तो जागीच उभा राहिला.

"इंदू, तुला ठाऊक होतं?"

"होतं," इंदू म्हणाली.

"कधीपासून?"

"पौषापासून."

"म्हणजे वाट्याचा मळा नाही."

"हाय," शालनबाई म्हणाली. "त्यात हरभरा हाय. आमच्या भावाचा."

दत्तोबा हसला नाही. त्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली होती. "म्हणजे तुम्ही रोज हे डोक्यावर घेऊन फक्त हिच्यासाठी," तो म्हणाला आणि थांबला. मामीची ती भाकरीवरची जुनी गंमत पुन्हा त्याच्या घशाशी आली होती.

शालनबाईला वाटलं, आता पुस्तकं फळीवर. आणि का कुणास ठाऊक, तिला इंदूपेक्षा स्वतःचीच भीती वाटली. घरातला तो दाराशी संपणारा उजेड तिला दिसला.

"हिच्यासाठी न्हाई," ती म्हणाली. "माज्यासाठी. माजा मळा गेला, दत्तोबा. मी बोलू कुणाशी? घरात म्हातारा नावं ठेवतो, लेक शिफ्टला जातो. ही पोर मला गाडीत सांगती, चंद्रावर वारा न्हाई, समुद्रात नद्या हाईत. तेवढंच ऐकाया जाती मी. तुमी हिला बंद केलं तर हिचं कॉलेज जाईल. हिचं लगीन व्हईल, पोरंबाळं व्हतील. माजं काय व्हईल?"

एवढं लांब ती फलाटावर कधी बोलली नव्हती. सयाजीनं खाली बघितलं.

दत्तोबा फिटरासारखा उभा होता, कुठं काय सैल आहे ते चाचपत. पण या खेपेला सैल काहीच सापडेना. देणारी बाई घेणारी निघाली होती आणि आपल्याला काय द्यायचं ते त्याला कळत नव्हतं. गाडी फलाटाला लागली. इंजिनाचा आवाज सगळ्यांवरून गेला.

दत्तोबा वाकला आणि पाटीतले दगड काढायला लागला. एकेक करून भिंतीशी टाकायला लागला. सयाजी पळत आला आणि तोही काढायला लागला. गार्डानं डब्यातून डोकं बाहेर काढून विचारलं, "काय रे, काय चाललंय?"

"भाजी उतरवतोय, साहेब," सयाजी म्हणाला.

"आवरा, आवरा."

पाटी रिकामी झाली. दत्तोबानं ती उचलून शालनबाईच्या हातात दिली. "चला, बसा गाडीत."

शालनबाई हलली नाही. "रिकामी पाटी घेऊन परीक्षेला न्हाई न्हेणार मी पोरीला. सासू वर बसलीया माजी, ती बघती."

शिट्टी झाली. दत्तोबानं इकडं तिकडं पाहिलं. फलाटावर काही नव्हतं, एक बाक होता आणि त्यावर त्याचा डबा. तो त्यानं उचलला आणि पाटीत ठेवला.

"आता नाही ना रिकामी?"

"न्हाई," शालनबाई म्हणाली.

"दोन भाकरी आणि पिठलं आहे. दुपारी खा." मग इंदूकडं न बघता म्हणाला, "आणि हिला म्हणावं, वेळ घेऊन पेपर वाच. घाई नको."

दोघी गाडीत चढल्या. दत्तोबा त्या दिवशी शिफ्टला उपाशी गेला. कारखान्यात शालनबाईच्या सोनबानं त्याला आपल्यातली अर्धी भाकरी देऊ केली. दत्तोबानं ती घेतली. ही बातमी पत्र्याच्या रांगेत परीक्षेच्या बातमीपेक्षा आधी पोचली.

दुपारी इंदू पेपरमधून बाहेर आली तेव्हा शालनबाई निंबाखाली भाकरी खाऊन, डबा नळावर घासून बसली होती.

"कसा गेला?"

"बरा गेला. एक प्रश्न फार छान आला होता. गाडीत सांगते."

"थांब. आधी एका घरी जायाचंय."

डबा रिकामा परत करायचा नसतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. शालनबाईनं एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अंगणातल्या आंब्याच्या दोन कैऱ्या मागून घेतल्या. त्या डब्यात घालून डबा दत्तोबाच्या घरी पोचला. यशोदाबाईनं त्यांचा मेथांबा केला, आणि वाटीभर मेथांबा शालनबाईकडं गेला. वाटी रिकामी कशी परत करणार? ती शेंगा घेऊन आली. दत्तोबाला हे सुरुवातीला संध्याकाळच्या आत मिटवून टाकायचं होतं. पण ते मिटेचना. आज मिटलं म्हणावं तर सकाळी वाटी पुन्हा दारात. शेवटी तो थकला. माणूस थकल्यावर कधी कधी बरा होतो, तसं त्याचं झालं.

इंदू इंटर पास झाली. पुढच्या वर्षी पाटीमागं पाच पोरी होत्या. शालनबाई आता पाटीत त्यांचे पाचही डबे घ्यायची, म्हणजे पाटी रिकामी नको आणि पोरींचे हात पुस्तकांना मोकळे. दत्तोबा शिफ्टला जाताना फाटकापाशी उतरायचा तो आता बघायला नाही. स्टेशनात जाऊन पाटीला हात लावायला. भिंतीशी पडलेले बांधाचे दगड सयाजीनं गोल मांडले, चुना लावला आणि आत सदाफुली लावली. गाडीला उशीर असला की पोरी त्यांच्यावर बसायच्या. वर बसून कुणी अभ्यास करायचं, कुणी खायचं, आणि शालनबाई शेजारी उभी राहून मध्येच कुठंतरी भलत्या ठिकाणी प्रश्न विचारायची.

एकोणसाठ साली इंदू बी. ए. झाली. निकाल कळला त्या संध्याकाळी दत्तोबा स्वतः वाटी घेऊन शालनबाईच्या दारात आला. वाटीत पेढे होते. मारुतराव ओट्यावर होता. त्यानं पेढा तोंडात घातला आणि म्हणाला, "पोर शिकली. आता ह्या बाईला कोण शिकिवणार?"

"ते काम देवाचं," दत्तोबा म्हणाला. तो आत डोकावला. शालनबाई वाटी घेऊन चुलीपाशी उभी होती, परत भरायला काहीतरी शोधत. फळीवर मीठ होतं, पीठ होतं. तिनं दोन्ही डबे उघडून बघितले आणि बंद केले.

"राहू द्या हो. रिकामीच द्या," दत्तोबा म्हणाला. "आता काय."

शालनबाईनं वाटी धुतली, पदरानं पुसली आणि फळीवर पालथी घातली.

"ही आता हितंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमची पोर शिकून मास्तरीण व्हईल, गाडीला यायची न्हाई. तुमी तरी वाटी मागाया येत जावा."

दत्तोबा ओट्यावर मारुतरावाशेजारी बसला. मग रविवारी पुन्हा आला, वाटी मागायला म्हणून. चहा पिऊन वाटी न घेताच गेला. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. यशोदाबाई म्हणायची, घरातली एक वाटी कायमची कमी आहे, लागते ती, आणा की. दत्तोबा म्हणायचा, आणतो.